तेरच्या बाहुल्या आणि डबाबंद शिपाई

तेरणा नदीच्या काठी, धाराशिव तालुक्यातल्या तेर गावात, कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे. तिथे सातवाहन काळातल्या छोट्या बाहुल्या आहेत. काही भाजलेल्या लाल मातीच्या, काही पांढऱ्या केओलिन मातीच्या. त्यातल्या बऱ्याच दुहेरी साच्यातल्या आहेत. पुढचं अंग एका साच्यात दाबायचं, पाठ दुसऱ्यात, माती ओली असतानाच दोन्ही अर्धी चिकटवायची आणि भट्टीत टाकायची. आत पोकळ, सांधा कडेने. आज दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या ॲक्शन फिगरचं धडही बहुधा असंच पुढच्या-मागच्या दोन अर्धांचं असतं. साचा आला म्हणजे एकासारखी दुसरी आली. तेव्हाचाही हा घाऊकच माल होता.

धाराशिव असो की पुणे, कुरिअरने घरी येणारी ही प्लास्टिकची बाहुली हल्ली खेळणं म्हणून येत नाही, ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणून येते. एवढे पैसे कशात घातले, असं आईने विचारलं की उत्तर तयार असतं: डबा फोडायचाच नाही, दहा वर्षांनी लाखात जाईल. या एका वाक्यात तीन-चार गैरसमज एकमेकांचा हात धरून बसलेले आहेत.

पहिला म्हणजे, वस्तू जुनी झाली की किंमत आपोआप चढते. ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्यांचं उदाहरण यासाठी हमखास दिलं जातं. केनर या अमेरिकी कंपनीने 1978 ते 1985 या काळात त्या 25 कोटींहून जास्त विकल्या. त्यातल्या बहुसंख्य आजही जुन्या बाजारात साध्या भावाने मिळतात. लिलावात गाजते ती बोबा फेट या पात्राची, पाठीवरून अग्निबाण सोडणारी बाहुली. 2019 मध्ये तिचा एक नमुना 1,85,850 डॉलरला गेला आणि 2024 मध्ये दुसरा 5,25,000 डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने चार कोटींच्या वर. पण ही बाहुली दुकानात कधी आलीच नव्हती. कंपनीने 1979 मध्ये जाहिरात केली, मग सुटा बाण एखाद्या मुलाच्या घशात अडकेल या भीतीने तो बेत रद्द केला आणि बाण घट्ट चिकटवलेली बाहुली मागवणाऱ्यांना पोस्टाने पाठवली. कोट्यवधींची आहे ती कारखान्यातच राहिलेली चाचणीची प्रत. ज्या वस्तूच्या जोरावर सगळे स्वप्न पाहतात, ती गिऱ्हाईक म्हणून विकत घेणं कुणालाच शक्य नव्हतं.

जुन्या बाहुल्यांपैकी ज्यांना खरोखर भाव आला, त्या एका साध्या कारणाने दुर्मिळ झाल्या. त्या विकल्या गेल्या तेव्हा कुणी त्या जपून ठेवायच्या म्हणून घेत नव्हतं. पोरांनी डबे टराटरा फाडले, बाहुल्या मातीत घोळवल्या, हात-पाय तोडले. म्हणून न फोडलेला डबा आज विरळा. तेरच्या बाहुल्यांचंही तेच झालं असणार: फुटल्या, फेकल्या गेल्या, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, ढिगाऱ्यात गाडल्या गेल्या आणि थोड्याच उरल्या.

आता उलटं चित्र बघा. 1990 च्या दशकात अमेरिकेत बीनी बेबीज नावाच्या छोट्या, मऊ प्राण्यांचं वेड पसरलं. लोक त्यांच्या कागदी लेबलाला सुरकुती पडू नये म्हणून प्लास्टिकची टोपणं विकत घ्यायचे. 1999 मध्ये लास वेगासच्या कोर्टात एक घटस्फोटित जोडपं न्यायाधीशांसमोर जमिनीवर उकिडवं बसून ही खेळणी एक तुला, एक मला अशी वाटून घेत होतं. तो फोटो जगभर छापून आला. थोड्याच काळात भाव कोसळला. सगळ्यांनीच लेबलासकट जपून ठेवल्यावर टंचाई येणार कुठून? अलीकडची गोष्ट हवी असेल तर फंको कंपनीची घ्या. मोठ्या डोक्याच्या बाहुल्या बनवणाऱ्या या कंपनीने मार्च 2023 मध्ये जाहीर केलं की गोदामात मावत नसलेला 3 ते 3.6 कोटी डॉलरचा माल ती कचराभूमीत टाकणार आहे. ‘मर्यादित आवृत्ती’ हा शब्द डब्यावर छापणारा आणि साचा पुन्हा चालवू शकणारा एकच असतो, हे खरेदीच्या भरात सुचत नाही.

‘ॲक्शन फिगर’ हे नावसुद्धा विक्रीची युक्तीच. 1964 मध्ये हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला, तेव्हा ‘बाहुली’ म्हटलं तर मुलगे हात लावणार नाहीत अशी धास्ती होती. त्या शिपायाचा भारतातही एक अध्याय आहे आणि तो मराठी-कोकणी मुलखातलाच आहे. फनस्कूल कंपनीने परवान्यावर हे शिपाई इथे बनवले. कंपनीचा कारखाना गोव्यात आहे. मूळ साचे तेच, पण रंगांची सरमिसळ अशी की अमेरिकेतले संग्राहक आज मुद्दाम भारतीय शिपाई शोधतात. इथे ते ज्या घरांत होते, तिथे खेळून मोडून गेले.

आणि मोडायचे कसे, तेही पाहण्यासारखं आहे. या पावणेचार इंची शिपायाच्या पोटात एक छोटं काळं रबरी कडं असतं. धड, कंबर आणि पाय त्याच एका कड्याच्या ताणावर धरलेले. वीस-पंचवीस वर्षांत रबर कडक होतं, तडकतं, आणि एक दिवस नुसता हातात घेतला तरी शिपाई कमरेतून दोन तुकडे होऊन पडतो. डबा न फोडताही हे होऊ शकतं. ‘सीलबंद म्हणजे सुरक्षित’ हा दुसरा गैरसमज इथे संपतो. मऊ पीव्हीसीमधलं लवचीकपणा देणारं रसायन हळूहळू बाहेर झिरपतं आणि बाहुली चिकट लागते. पांढरं प्लास्टिक उन्हाने पिवळं पडतं. धाराशिवच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरातल्या माळ्यावर तर विचारायलाच नको. दोन हजार वर्षं टिकायला भाजलेली माती लागते, प्लास्टिक नव्हे.

तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव. थापटण्याने संतांच्या डोक्यावर मारून कुठलं मडकं पक्कं, कुठलं कच्चं हे सांगण्याची त्यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. परदेशात बाहुल्यांची अशीच पारख करणाऱ्या कंपन्या आहेत. त्या बाहुली तपासतात, शंभरपैकी गुण देतात आणि ॲक्रिलिकच्या पेटीत सील करतात. लाखोंचे आकडे दिसतात ते बहुतेक या पारखलेल्या मालाचे. पण पारखीचं शुल्क, जाण्या-येण्याचं कुरिअर आणि विमा मालकाच्या खिशातून जातो, आणि कमी गुण पडले तरी पैसे परत मिळत नाहीत.

हिशेबाकडे मात्र जरा थांबूनच बघायला हवं, कारण फसगत तिथेच जास्त होते. वेबसाइटवर कुणी बाहुलीला पन्नास हजार मागतो, तो भाव नव्हे, मागणं. व्यवहार किती रुपयांना झाला, तो भाव. समजा, 2015 मध्ये 3,000 ला घेतलेली बाहुली 2025 मध्ये 6,000 ला गेली. दुप्पट झाली म्हणून पेढे वाटले जातील. वर्षाला हा परतावा सात टक्क्यांच्या आसपास पडतो, आणि त्यातून विक्रीच्या संकेतस्थळाचं कमिशन आणि पॅकिंग वजा व्हायचं असतं. त्याच दहा वर्षांत दहा ग्रॅम सोनं 26,000 च्या घरातून लाखाच्या वर गेलं, आणि ते विकायला पेठेतल्या सराफापर्यंत जावं लागतं, अमेरिकेतला शौकीन शोधावा लागत नाही. उस्मानाबादी शेळी तर जुळ्या करडांसाठीच नावाजलेली आहे. बाहुलीला काही पिलं होत नाहीत. शिवाय खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झालं. म्हणजे परदेशी बाहुली इथे येतानाच महाग होऊन येते. तिचा जागतिक भाव त्यामुळे वाढत नाही.

कुणी म्हणेल, खेळण्यांनी शेअर बाजाराला मागे टाकल्याचा अभ्यास आहे. आहे. मॉस्कोच्या दोन संशोधकांनी 1987 ते 2015 मधल्या लेगोच्या बंद संचांचे भाव तपासले आणि सरासरी परतावा वर्षाला 11 टक्क्यांच्या आसपास काढला. त्याच अभ्यासात काही संचांची किंमत निम्म्यावर आली आणि काहींची कित्येक पट झाली. ती सरासरी दोन हजारांवर संचांची आहे. शौकिनाकडे असतात दहा, तेही त्याला आवडलेले.

करमुक्तीचाही एक गोड समज आहे. वैयक्तिक वापराच्या चल वस्तू विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही, हे खरं. पण जो डबा वापरायचाच नाही म्हणून जपला, तो वैयक्तिक वापराचा होता हे अधिकाऱ्याला पटवणं अवघड; आणि सतत खरेदी-विक्री चालू असेल तर तो सरळ धंदाच झाला.

उरते ती तेरचीच गोष्ट. नांगराखाली मातीची बाहुली निघाली तर नशीब उघडलं, असं पंचक्रोशीत कुणाला वाटत असेल तर कायदा वेगळं सांगतो. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. दीडशे वर्षांपूर्वीचे ते दहा रुपये अजून कायद्यात तसेच आहेत. 1972 च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तेरचा देशाबाहेरच्या जगाशी संबंध मात्र जुना आहे. इथे एक हस्तिदंती बाहुलीही सापडली आहे. इटलीतल्या पॉम्पेईत 1938 मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी अभ्यासक तिची तुलना करतात. पॉम्पेई इ. स. 79 मध्ये राखेखाली गेलं. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत तगर, म्हणजे तेर, इथून भडोचकडे जाणाऱ्या मालाची नोंद आहे. बैलगाड्यांतून कापड जात होतं, मलमल जात होती. संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे ते लामतुरे गावातले व्यापारी होते. गावच्या पांढरीवर सापडणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या, आणि आज त्या तेरमध्येच पाहायला मिळतात.