नळातून बसणारा धक्का : दोष गिझरचा की अर्थिंगचा?

थंडीचे दिवस सुरू झाले, की महिनोन् महिने बंद असलेले गिझर पुन्हा चालू होतात आणि त्यापाठोपाठ एक ठरावीक तक्रारही येते. नळाला हात लावला, की बोटांना झिणझिण्या येतात. पुष्कळ घरांत त्यावर रबरी चप्पल घालून आंघोळ करण्याचा तोडगा काढला जातो आणि हिवाळा निभावून नेला जातो. वास्तविक ही झिणझिणी म्हणजे घरात एकाच वेळी दोन दोष असल्याची खूण आहे. गिझरमधून वीज झिरपते आहे, हा पहिला दोष. ती जमिनीत वाहून नेणारी अर्थिंगची तार तुटलेली आहे किंवा मुळातच जोडलेली नाही, हा दुसरा. अर्थिंग शाबूत असते, तर झिरपणारी वीज त्या मार्गाने गेली असती व नळापर्यंत जवळजवळ पोचलीच नसती.

वीज झिरपते ती बहुधा गिझरच्या एलिमेंटमधून. बोअरच्या जड पाण्याचे क्षार एलिमेंटवर थरावर थर बसवतात. त्याखाली धातूचे आवरण अवाजवी तापून तडकते व पाण्याचा आतील तारेशी संपर्क येतो. क्षारयुक्त पाणी विजेचे वाहक असल्याने पुढचे काम आपोआप होते.

अशा वेळी ‘एमसीबी बसवलेला आहे, मग भीती कशाची?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. गैरसमज नेमका येथेच आहे. एमसीबी तारांचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर वीज घेतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा एमसीबी दिला जातो. माणसाच्या हृदयाची लय बिघडण्यास मात्र अँपिअरचा काही शतांश भागही पुरतो. अर्थिंगच्या मार्गात एकंदर २० ओहमचा अडथळा असेल, तर फेजची तार थेट गिझरच्या टाकीला टेकली तरी जेमतेम साडेअकरा अँपिअर वीज वाहील आणि एमसीबी जागचा हलणारही नाही. हे काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे. जाणारी आणि परतणारी वीज यांत तेवढा फरक पडला, तर तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. त्यावरील ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहावे. मात्र त्याने केवळ त्या उपकरणाची परीक्षा होते, घरातील अर्थिंगची नव्हे.

आरसीसीबी वारंवार पडू लागला, की काही कारागीर तोच काढून टाकतात. दोष शोधणे खरे तर अवघड नसते. सर्व एमसीबी बंद करून आरसीसीबी चढवावा आणि एमसीबी एकेक करून सुरू करावेत. ज्याच्या वेळी आरसीसीबी पडेल, दोष त्या सर्किटमध्ये आहे. मेन स्विच बंद करून गिझरचा प्लग काढल्यावर तो टिकला, तर दोष गिझरचा. तरीही पडला, तर भिंतीतील वायरिंगचा. गिझर दहा मिनिटे चालल्यावर तो पडत असेल, तर तापल्यावर उघडणारी एलिमेंटची तड संशयास्पद ठरते. येथे एक मेख आहे. एकपदरी एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रल कोठे अर्थिंगला टेकलेला असेल, तर त्या सर्किटचा एमसीबी बंद असतानाही आरसीसीबी पडू शकतो. शेजारच्या न्हाणीघरातील गळतीने भिंत ओलावली असेल, तर वायरमनकडून मेगरने तारांची तपासणी करून घ्यावी.

सर्वांत घातक प्रकार दिसायला अगदी निरुपद्रवी असतो. अर्थिंगची तार सापडत नाही, म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून छोटी तार अर्थिंगच्या मोठ्या भोकाकडे नेली जाते. टेस्टर लावला तर सगळे ठीक दिसते, गिझरही चालतो. पुढे कधी तरी सॉकेटकडे येणारा न्यूट्रल सैल होऊन तुटतो. मग फेजची वीज एलिमेंटमधून न्यूट्रलच्या टोकाला आणि त्या छोट्या तारेवाटे थेट गिझरच्या टाकीवर येते. पाणी तापत नाही, दिवाही लागत नाही. ‘वीज गेली असावी’ असे समजून माणूस नळाकडे हात नेतो, त्या क्षणी नळावर २३० व्होल्ट असू शकतात. टेस्टर फेज व न्यूट्रल या दोन्ही भोकांत पेटत असेल, तर न्यूट्रल तुटल्याची शंका घ्यावी आणि मेन स्विच बंद करावा. गिझरचे बटण बंद करणे पुरेसे नाही. ते चुकून न्यूट्रलवर बसवलेले असू शकते.

जुन्या इमारतींत अर्थिंग लोखंडी नळाला जोडण्याची पद्धत होती. नूतनीकरणात तेथे प्लास्टिकचे नळ आले आणि अर्थिंगचा मार्ग कोणाच्याही लक्षात न येता तुटला. एका घरातील झिरपलेली वीज उरलेल्या लोखंडी नळातून वरच्या मजल्यावर पोचल्याने, गिझरच नसलेल्या कुटुंबाला धक्का बसू शकतो. अशा इमारतीत एका सदनिकेची दुरुस्ती करून भागत नाही. मीटरच्या खोलीपासून प्रत्येक घरापर्यंत अर्थिंगची स्वतंत्र तार ओढावी लागते आणि तो खर्च सोसायटीच्या सभेत मंजूर करून घ्यावा लागतो. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडे सोपवून त्याच्याकडून तपासणीचा लेखी अहवाल मागावा. तोवर गिझरचा प्लग काढलेलाच बरा, पाणी गॅसवर तापवता येते.