प्रोग्रॅमची कीर्द : 'गिट'च्या आज्ञांची ओळख

आपल्या सभासदांची अनेक मुलेमुली आज जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकत आहेत. शेवटच्या वर्षी चौघापाचजणांच्या गटाला एक प्रकल्प करावा लागतो. तो बहुधा एका पेनड्राइव्हवर फिरत असतो आणि त्यात 'फायनल', 'नवा फायनल', 'खरा फायनल' अशा नावांची फोल्डरे साठत जातात. पेनड्राइव्ह बिघडला की वर्षाचे काम गेले. पण याहून वाईट गोष्ट वेगळीच असते. घरी संगणक नाही म्हणून लॅब बंद होईपर्यंत बसून ज्याने निम्मा प्रोग्रॅम लिहिला, त्याला तोंडी परीक्षेत विचारतात, "यात तुझे काम कोणते?" आणि दाखवायला त्याच्याकडे काही नसते.

आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील लिपिक, प्रोग्रॅमर नव्हे. परंतु नोंदी ठेवणे हाच आमचाही व्यवसाय असल्याने 'गिट' नावाचे हे साधन आम्हाला परके वाटले नाही.

प्रश्न तसा जुना आहे. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल. तेथे जुन्या हस्तलिखितांचा संग्रह आहे. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या शब्दाला शब्द जुळतीलच असे नसते. नकलणाऱ्याने कोठे ओळ गाळली, कोठे पदरची घातली, आणि ती कोणी, केव्हा, का घातली हे लिहून ठेवले नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९१९ साली हाती घेतली. १,२५९ हस्तलिखिते ताडून ते काम १९६६ साली पुरे झाले. बदल होताना जी नोंद झाली नाही, ती मागाहून शोधून काढण्यास सत्तेचाळीस वर्षे लागली! गिट ही नोंद बदल होतानाच करून ठेवते.

गिटचा जन्म २००५ सालचा. लिनक्स या प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या कामात जगभरचे प्रोग्रॅमर हातभार लावत. त्यासाठी ते वापरीत असलेल्या बिटकीपर या साधनाची मोफत सवलत बंद झाली, तेव्हा एप्रिल महिन्यात त्यांनी स्वतःच नवे साधन लिहावयास घेतले. ते आजही मोफत मिळते.

आता आज्ञांकडे वळू. त्या रोमन लिपीतच टंकायच्या असतात. येथे आम्ही उच्चार देत आहोत. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन 'गिट इनिट' म्हटले की तेथे वही उघडली जाते. या वहीला रिपॉझिटरी म्हणतात. 'गिट स्टेटस' ही आज्ञा कोणत्या फाइली बदलल्या आहेत ते सांगते, आणि 'गिट डिफ' नेमक्या ओळी दाखवते. नवशिक्याने या दोन आज्ञा दिवसातून दहादा द्याव्यात. त्यांनी काही बिघडत नाही.

नोंद मात्र दोन पायऱ्यांनी होते आणि येथेच बहुतेक विद्यार्थी गोंधळतात. बँकेत व्हाउचर आधी ट्रेमध्ये जाते, मग पास होते. 'गिट ॲड' म्हणजे बदललेली फाइल ट्रेमध्ये ठेवणे आणि 'गिट कमिट' म्हणजे ट्रेमध्ये जे आहे तेवढेच पास करणे. दहा फाइली बदलल्या आणि तीनच ॲड केल्या, तर तीनच नोंदल्या जातात. कमिट करताना एक ओळीचा तपशील लिहावा लागतो. तेथे 'बदल केले' असे लिहिणे म्हणजे पासबुकात 'पैसे दिले' असे लिहिण्यासारखेच आहे. 'वयाची चौकट रिकामी असल्यास सूचना दाखवली' असे लिहावे. पुढे 'गिट लॉग' म्हटले की कोणी, केव्हा, काय केले याची कीर्द समोर येते. परीक्षकाला दाखवायची ती हीच.

या कीर्दीत मागाहून गुपचूप फेरफार करणे सोपे नाही. प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो नोंदीच्या मजकुरावरून व आधीच्या नोंदीच्या क्रमांकावरून काढलेला असतो. कालची अखेरची शिल्लक ती आजची आरंभीची शिल्लक, हा नियम येथेही आहे. जुने पान बदलले की पुढची सारी पाने जुळेनाशी होतात.

चूक झाली तर? बँकेत खोडाखोड चालत नाही, उलट नोंद करावी लागते. 'गिट रिव्हर्ट' नेमके हेच करते. चुकीचा बदल फिरवणारी नवी नोंद ती घालते आणि जुनीही राहू देते. याउलट 'गिट रीसेट' या आज्ञेला 'हार्ड' हा शब्द जोडला, तर कमिट न केलेले काम कायमचे पुसले जाऊ शकते. इतरांसोबत काम करताना या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मूळ प्रोग्रॅमला धक्का न लावता नवा प्रयोग करायचा तर 'गिट ब्रँच'ने फांदी काढावी, 'गिट स्विच'ने तिच्यावर जावे व जमले तर 'गिट मर्ज'ने मिळवून घ्यावी. दोघांनी एकच ओळ निरनिराळी बदलली असेल, तर गिट स्वतः निवाडा करत नाही. दोन्ही पाठ फाइलमध्ये खुणा घालून समोर ठेवते. कोणता ठेवायचा ते दोघांनी बसून ठरवावे.

पेनड्राइव्हची भीती जाते ती 'गिट पुश'ने. २००८ साली सुरू झालेल्या गिटहबसारख्या ठिकाणी मोफत खाते काढून नोंदी तेथे पाठवता येतात. 'गिट पुल'ने सोबत्यांच्या नोंदी आणता येतात आणि 'गिट क्लोन'ने संपूर्ण इतिहासासह नवी प्रत मिळते. लॅबचा संगणक बिघडला तरी पुश केलेले काम दुसऱ्या संगणकावर उतरवता येते. मुंबईच्या 'एक टाइप'ने तयार केलेले मुक्ता व बलू हे देवनागरी टंकही तेथे सर्वांना खुले आहेत. कुतूहल म्हणून ते क्लोन करून पाहावेत. ऑगस्ट २०२१ पासून गिटहबवर पुश करताना खात्याचा पासवर्ड चालत नाही. त्याऐवजी खात्यातून टोकन काढावे लागते. टोकन किंवा डेटाबेसचा पासवर्ड प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये लिहून कमिट करू नये. पुढच्या कमिटमध्ये तो काढला तरी जुन्या नोंदीत राहतोच. असे झाले असल्यास तो पासवर्डच बदलावा.

ज्यांचा स्वतःचा संगणक नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नोंदीवर पडणारे नाव गिट तपासत नाही. त्या संगणकावर जे नाव घातलेले असेल तेच छापले जाते. लॅबमध्ये आधी बसलेल्या मुलाने आपले नाव ठेवून दिले असेल, तर तुमचे महिन्याचे काम त्याच्या नावावर जमा होईल. म्हणून बसल्याबरोबर 'गिट कॉन्फिग युजर डॉट नेम' ही आज्ञा देऊन नाव पाहावे. परके असल्यास त्याच आज्ञेपुढे अवतरणचिन्हांत आपले नाव लिहावे आणि 'युजर डॉट ईमेल'चेही तसेच करावे. मध्ये 'ग्लोबल' हा शब्द घालू नये, म्हणजे हे नाव तुमच्या प्रकल्पापुरतेच राहते आणि नंतर येणाऱ्याची अडचण होत नाही. उठताना पुश करावे, गिटहबमधून बाहेर पडावे आणि विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये आपले टोकन राहिले असल्यास तेही काढून टाकावे.