नांगर किती किलोचा?

होडी घेणाऱ्याची तऱ्हा मी आता पुरती ओळखून आहे. इंजिन किती घोड्यांचं घ्यायचं यावर महिनाभर खल होतो. फायबर नीट बसलंय का ते टिचक्या मारून बघतात. नाव काय रंगवायचं यावर घरात रुसवेफुगवे होतात. सगळं उरकलं आणि खिसा हलका झाला की मग माझ्याकडे फोन येतो, "काका, नांगर किती किलोचा घेऊ?"

देवगडात माझं दोर, साखळ्या, शॅकल, बोये असल्या मालाचं दुकान आहे. नांगरही ठेवतो. त्यामुळे या प्रश्नाला एक आकडा फेकून मोकळं होणं माझ्या सोयीचं आहे. पण मी उलट विचारतो: तळ कसला? पाणी किती? दोर किती घेतलायस? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर येतं, "आहे घरात एक जुना."

वजनाने होडी थांबते ही समजूत जुनी आहे, आणि एकेकाळी अर्धीमुर्धी खरीही होती. सिंधुदुर्ग किल्ल्यात दगडी नांगर सापडले आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला. द्वारकेच्या समुद्रातही तसले पुष्कळ मिळाले. लांबट घडीव दगड, वर दोरासाठी एक भोक, खाली लाकडी दांडे आरपार घालायला चौकोनी भोकं. म्हणजे त्या काळच्या माणसांनाही नुसत्या दगडाच्या वजनावर भरवसा नव्हता, तळात रुतायला दांडे लागतच होते. त्यात दगड पाण्यात गेला की त्याचं एक तृतीयांशाहून जास्त वजन पाणीच उचलून धरतं. लोखंडाचं जेमतेम एक अष्टमांश जातं.

आता हिशोब बघा. छोट्या बोटींची मानकं ठरवणाऱ्या एका अमेरिकन संस्थेचा तक्ता जगभर वापरतात. त्यात २० फुटी बोटीची नांगरावरची ओढ १५ नॉट वाऱ्याला सुमारे ४० किलो धरली आहे, ३० नॉटला १६० किलोच्या घरात. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते. मग दहा किलोचं लोखंड १६० किलोची ओढ कसं पेलणार? वजनाने नाहीच पेलणार. नांगराचं पातं तळात घुसतं आणि त्याच्यावरची वाळू किंवा गाळ त्याला दाबून धरतो, तेव्हा तो टिकतो. आणि पातं घुसायचं तर ओढ आडवी लागते. ओढ वरच्या दिशेने आली की तोच नांगर अलगद उपटून येतो. परत निघताना आपण तेच तर करतो, होडी नांगराच्या डोक्यावर आणतो आणि दोर सरळ वर खेचतो.

म्हणून सगळी मदार दोराच्या लांबीवर. सर्वसाधारण नियम असा की दोर खोलीच्या सातपट सोडावा. खोली मोजायची ती पाण्याच्या पातळीपासून नव्हे, होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोर जिथे बांधतो तिथपासून. सातपट दोर ताणला तर तो तळाशी आठेक अंशाचा कोन करतो. तिप्पट सोडला तर कोन वीस अंशांच्या जवळ जातो, आणि तिथे नांगर तळ सोडायला लागतो. तासभर गरी टाकून बसायचं, वारा नाही, सगळे जागे आहेत, तर तीन-चारपट चालतो. रात्र काढायची असेल तर नाही. वादळाची लक्षणं असतील तर दहापट सोडा, तेही कमीच वाटेल.

भरती विसरणारे फार. समजा ओहोटीला खाडीत तीन मीटर पाणी आहे आणि नाळ पाण्याच्या वर एक मीटर. चार साती अठ्ठावीस, म्हणजे २८ मीटर दोर झाला, असं वाटतं. पण आमच्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं. तिनाचे पाच झाले, वर नाळेचा एक, एकूण सहा. सात सक ४२ मीटर. २८ मीटरवर समाधान मानलं तर भरतीला सातपटीची पावणेपाचपट झाली, आणि नेमक्या त्याच वेळी वारा वाढतो. हाच माणूस मुंबईला मांडव्यासमोर नांगरेल तर तिथे उधाणाचा फरक साडेचार मीटरच्या पुढे जातो, तेव्हा साठ मीटर दोर लागेल. आणि विजयदुर्गपासून शंभर-एक किलोमीटर आत आंग्रे बँक या पाण्याखालच्या पठारावर मासे गरवायची स्वप्नं बघणाऱ्यांनी आधी हा गुणाकार करावा. तिथे उथळातला उथळ तळसुद्धा वीस मीटरवर आहे.

दोर सोडण्यात माणूस कंजूष का होतो हे मला कळलेलं नाही. मी तरुण असताना ज्या तांडेलाबरोबर समुद्रात जायचो तो नाळेवर उभ्या पोराला ओरडायचा, "दोर सोड मेल्या, ठेवन काय लोणचां घालतलंस त्याचां?" त्याहून चांगला नियम मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही.

दोर कसला घ्यावा, तर नायलॉनचा. माझ्याच दुकानात सगळ्यात जास्त खपतो तो निळा-हिरवा प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा. स्वस्त असतो, हलका असतो, आणि पाण्यावर तरंगतो. तरंगणं हाच त्याचा दोष. ढिला पडला की पृष्ठभागावर वेटोळी घालतो आणि शेजाऱ्याच्या पंख्यात जातो. उन्हाने कडक होऊन त्याचे तंतू झडतात. हातात घेतला की तळव्याला टोचतात, तेव्हा समजावं की तो संपला. नायलॉन पाण्यात बुडतो, आणि लाटेचा हिसका बसला की रबरासारखा ताणून तो झटका पोटात घेतो. वीस-बावीस फुटी होडीला दहा-बारा मिलीमीटर जाडीचा पुरे.

नांगर आणि दोर यांच्यामध्ये साखळी हवीच. निदान होडीच्या लांबीइतकी. आठ मिलीमीटरची सहा मीटर साखळी साडेआठ किलोंच्या आसपास भरते. ती तळावर पडून राहते, ओढ आडवी ठेवते, आणि खडकावर घासून दोर झिजायचा तोही वाचतो. मी साखळ्या विकतो म्हणून हे सांगतो असं कुणाला वाटलं तर वाटो. पैसे मोजकेच असतील तर नांगर एक नंबर लहान घ्या, पण साखळी आणि लांब दोर सोडू नका. नांगर आणि साखळी जोडणाऱ्या शॅकलची पिन तारेने बांधून टाका. बिनतारेची पिन हलत हलत कधी निघून जाते ते कुणाला कळत नाही.

एवढं झाल्यावर नांगराची जात.

आपल्याकडे घरोघरी दिसतो तो चार आकड्यांचा. वेल्डिंगवाला सळया वाकवून अर्ध्या दिवसात करून देतो. खडकाळ तळाला तो बरा, एखादा आकडा कपारीत अडकतो. काही जण मुद्दाम मऊ सळईचा करून घेतात, म्हणजे अडकलाच तर इंजिनाच्या जोरावर आकडा सरळ होऊन सुटतो आणि घरी आणून परत वाकवता येतो. या युक्तीला माझा सलाम आहे. पण हाच नांगर खाडीच्या गाळात टाकाल तर तो नुसता ओरखडा काढत येईल. बारीक सळईला गाळ काय धरणार?

वाळू आणि गाळ यांच्यासाठी डॅनफोर्थ. दोन रुंद चपटी पाती, मधल्या दांड्याभोवती वरखाली हलणारी. मिटला की पाटासारखा सपाट होऊन फळीखाली सरकतो. रिचर्ड डॅनफोर्थ या अमेरिकनाचा हा नांगर दुसऱ्या महायुद्धात सैन्य उतरवणाऱ्या बोटींवर गाजला. वजनाच्या मानाने त्याची पकड जबरदस्त. लहान होडीला चार-पाच किलोचा खूप झाला. पण त्याला दोन खोडी आहेत. पात्यांच्या फटीत शिंपला किंवा दगड अडकला की पाती वळत नाहीत. आणि ओढीची दिशा उलटली की तो उपटून निघतो, आणि परत रुतेलच याचा नेम नाही.

ही दुसरी खोड आपल्या किनाऱ्यावर फार महागात पडते. हिवाळ्यात दुपारी समुद्राकडून वारा असतो, तेव्हा होडी किनाऱ्याकडे तोंड न करता समुद्राकडे तोंड करून राहते. रात्री मतलई सुटते ती जमिनीवरून. होडी पुरती उलटी फिरते आणि नांगर पाठीमागून ओढला जातो. खाडीत तर वारा नसतानाही दर सहा तासांनी पाणीच दिशा बदलतं. रात्रभर राहणाऱ्याने म्हणूनच दुसरी जात बघावी.

१९३३ साली इंग्लंडात केंब्रिजच्या जेफ्री टेलर यांनी शेतातल्या फाळासारख्या पात्याचा नांगर काढला. हे टेलर म्हणजे द्रव आणि वायूंच्या प्रवाहांवर काम केलेले मोठे शास्त्रज्ञ, आणि शिडाच्या बोटीचे तितकेच वेडे. आपल्या छोट्या बोटीवर जड नांगर ओढायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी स्वतःच डोकं लावलं. त्याचा फाळ दांड्याशी बिजागरीवर फिरतो, त्यामुळे होडी फिरली तरी तो गाळातल्या गाळात वळतो. १९७० च्या दशकात पीटर ब्रूस यांचा पंजाच्या आकाराचा अखंड नांगर आला. तो पटकन रुततो, पण वजनाच्या मानाने पकड कमी. अलीकडचे म्हणजे फ्रान्सचा स्पेड आणि न्यूझीलंडचा रोक्ना. पातं खोलगट, टोकाला वजन, आणि रोक्नाला वर एक गोल कमान, म्हणजे तळावर उताणा पडला तरी तो लोळून सरळ होतो. दिशा बदलली तरी चटकन पुन्हा घुसतो. महाग आहे, इकडच्या दुकानांत सहज मिळत नाही, मागवावा लागतो. पण मला विचाराल तर रात्री पाण्यात झोपणाऱ्याने सहा किलोचा असा एक घ्यावा. ज्याला दिवसाच जायचं आहे त्याने डॅनफोर्थ घ्यावा आणि खडकासाठी जोडीला चार आकड्यांचा ठेवावा. दोन नांगर म्हणजे चैन नव्हे. एक कधीतरी तळाशी राहणारच.

टाकायची रीत सोपी आहे, फक्त घाई नको. वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या तोंडावर होडी आणा, थांबू द्या, आणि ती मागे सरकायला लागली की नांगर हळूच खाली सोडा. सिनेमातल्यासारखा भिरकावू नका; साखळीचा गुंता नांगरावरच पडतो. आणि पायाजवळ दोराचा वेढा असेल तर नांगराबरोबर तुम्हीही जाल. दोर सोडत जा, मधेमधे जरा अडवा, शेवटी इंजिन मागच्या गिअरमध्ये हलकेच लावून ताण द्या. मग हात दोरावर ठेवा. रुतलेल्या नांगराचा दोर शांत ताठ राहतो. सरकणाऱ्याचा थरथरतो, खडखड हातात येते. शिवाय काठावरच्या दोन खुणा बाजूने एका रेषेत धरा, एखादं घर आणि त्यामागचा माड. रेष मोडली की होडी सरकली.

मालवणच्या किल्ल्याजवळ जाणाऱ्यांना एक वेगळी विनंती. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, तळाला प्रवाळ आहेत. बोया असेल तर त्याला बांधा, नाहीतर वाळूचा पट्टा बघून नांगर टाका. प्रवाळावर ओढलेली साखळी काय करते ते पाण्याखाली डोकं घालून एकदा बघावं.

नांगर नेहमी नाळेवरून. मागून कधीही नाही, कारण मागची बाजू बुटकी असते, इंजिनाच्या वजनाने आणखी खाली बसलेली. २००९ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोच्या आखातात, फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून दूर, चार धडधाकट खेळाडू २१ फुटी बोटीतून मासेमारीला गेले होते. नांगर तळाशी अडकला. त्यांनी दोर बोटीच्या मागच्या बाजूला बांधला आणि इंजिनाचा जोर लावला. बोट मागून पाण्याखाली ओढली गेली आणि उलटली. उलट्या बोटीला धरून राहिलेला एकजण जवळजवळ दोन दिवसांनी सापडला. बाकी तिघे गेले.

अडकलेला नांगर सोडवायची आपल्याकडची रीत त्यापेक्षा कितीतरी शहाणी. साखळी नांगराच्या खालच्या टोकाला, पात्यांकडच्या बाजूला, घट्ट बांधायची आणि दांड्यावरून वर आणून वरच्या कडीला नुसत्या बारीक सुतळीने आवळायची. नेहमीची ओढ सुतळी सोसते. अडकला की होडी बरोबर वर आणून दोर खेचायचा, सुतळी तुटते, आणि नांगर उलट्या बाजूने, शेपटीकडून निघून येतो. ही बांधणी खडकावर मासे गरवायलाच. रात्रीच्या मुक्कामाला नाही, कारण वाऱ्यात सुतळी तुटली तर काय होईल ते सांगायला नको. सुतळीत पैसे जात नाहीत, आणि नांगरही जात नाही, म्हणून ही युक्ती सांगताना दुकानदार म्हणून मला जरा जड जातं.

आणि एक, जे कुणी विचारत नाही. नांगर पाण्यात सोडायच्या आधी दोराचं दुसरं टोक होडीला बांधलंय का, ते स्वतःच्या हाताने ओढून बघा. नवा नांगर घ्यायला माझ्याकडे येणाऱ्यांत तेवढं न बघितलेलेही बरेच असतात.