समुद्री माशांच्या पेटीसाठी पाण्याचे यंत्र कसे निवडावे?

नांदेड व लातूर भागात काचेच्या पेट्या जोडणाऱ्या कारागिरांकडे आणि रंगीत मासे विकणाऱ्या दुकानदारांकडे एखादे गिऱ्हाईक समुद्री माशांची पेटी मागते, तेव्हा पहिला विचार पाण्याचा करावा लागतो. मासे मेले तर गिऱ्हाईक पाण्याला दोष देत नाही, दुकानदाराला देते. म्हणून ही माहिती आम्ही येथे देत आहोत.

आपल्याकडे समुद्र जवळ नाही. समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते. त्यासाठी खास समुद्री मीठ मिळते. ते लिटरला सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे 100 लिटरच्या पेटीला साडेतीन किलो लागते. या मिठात सर्व क्षार मापात असतात. आपल्या पाण्यात आधीच असलेले क्षार त्यात भर घालतात आणि माप बिघडते. शिवाय पेटीतून वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. समजा, बोअरच्या पाण्याचा टीडीएस 800 आहे आणि उन्हाळ्यात रोज एक लिटर भर घालावी लागते. महिन्याला 24 ग्रॅम नको असलेले क्षार पेटीत साठतील.

म्हणून यंत्र विकण्याआधी गिऱ्हाइकाचे पाणी टीडीएस मीटरने मोजावे. नांदेड शहराला गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पाचे पाणी मिळते, लातूर शहराला मांजरा धरणाचे. पण कित्येक घरांत नळ, बोअर व टँकर असे तिन्ही पाणी आलटून पालटून वापरले जाते. जे पाणी सर्वांत खराब, त्याचाच हिशेब धरावा.

आता यंत्रांकडे वळू. केवळ यूव्हीचे यंत्र जंतू मारते, क्षार काढत नाही. सॉफ्टनर पाण्याचा जडपणा घालवतो, पण कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. आरओ यंत्र मात्र बहुतेक क्षार अडवते. पडदा 95 टक्के क्षार अडवत असेल, तर 800 चे 40 होतात. समुद्री पेटीला हे 40 सुद्धा नकोत. म्हणून आरओच्या पुढे डीआय रेझिनची नळी जोडावी, म्हणजे मीटर शून्यावर येतो. पुढे शून्य दाखवीनासा झाला की रेझिन बदलावे.

पिण्याच्या आरओ यंत्रात चव यावी म्हणून थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे मिसळण्याची सोय असते. पेटीसाठी ती बंद असावी. ब्लीचिंगच्या क्लोरीनने पडदा खराब होतो व मासेही दगावतात, म्हणून आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर वेळेवर बदलावा. पाण्याच्या वाटेत तांब्याची नळी वा पितळी जोड नसावा. तांबे समुद्री कोळंबी व गोगलगायीला घातक असते.

वाया जाणाऱ्या पाण्याचाही विचार करावा. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर सोडून देते. 100 लिटरची पेटी भरताना 300 लिटर मोरीत जाईल. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हे शोभणारे नाही. सोडलेले पाणी टाकीत साठवून फरशी व शौचालयासाठी वापरण्याची जोडणी दुकानदारानेच करून द्यावी.

लहान पेटीला तर स्वतंत्र यंत्राची गरजही नसते. 100 लिटरच्या पेटीत आठवड्याला 10 लिटर पाणी बदलले आणि रोज लिटरभर भर घातली, तर महिन्याला सुमारे 70 लिटर पाणी लागते. आरओ पाण्याचे 20 लिटरचे चार जार आणि एक डीआय नळी एवढ्यावर काम भागते. जारचे पाणीही आधी मोजून घ्यावे. मोठ्या पेटीला मात्र स्वतःचे यंत्रच परवडते.

महागडे यंत्र गळ्यात मारून नफा एकदाच मिळतो. पाणी मोजून योग्य तेच देणाऱ्याकडे गिऱ्हाईक मीठ, रेझिन व फिल्टरसाठी वर्षानुवर्षे येत राहते. आमच्या मते धंदा टिकतो तो अशाच भरवशावर.