गोल्फ शिकताना मदतीची साधने : कधी वापरायची, कधी काढायची?

मूल गोल्फ शिकायला लागलं की पालकांचा पहिला प्रश्न बहुधा खरेदीचा असतो. क्लब आणले, आता सरावाची साधनं कोणती घ्यायची? ऑनलाइन बघितलं तर मनगटाला बांधायचे पट्टे, जड क्लब, आरसे, काठ्या, जाळ्या असा नुसता बाजार भरलेला आहे. नवशिक्याला यातल्या दोन-तीनच गोष्टी लागतात, आणि त्यांचं काम बरेचदा घरातल्या वस्तूंवरही भागतं. खरा प्रश्न पुढचा आहे. हे साधन बाजूला कधी काढायचं?

पहिलीच्या मुलाला आपण ठिपक्यांवरून अक्षर गिरवायला देतो. गिरवलेला ‘क’ छानच येतो. कोऱ्या पाटीवर ‘क’ काढायला सांगितला की मग किती जमलंय ते कळतं. गोल्फचंही तसंच आहे.

सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे जमिनीवर ठेवायची साधी सरळ काठी. ती नसेल तर दोन लांब क्लब आडवे ठेवले तरी चालतात. नवशिके एक चूक हमखास करतात. पाय थेट लक्ष्याकडे रोखून उभे राहतात. पण चेंडू पायांपासून थोडा लांब असतो, म्हणून दोन रेषा लागतात. रेल्वेचे रूळ डोळ्यांसमोर आणा. पलीकडच्या रुळावर चेंडू, आणि तो रूळ लक्ष्याकडे जातो. अलीकडच्या रुळावर पायाची बोटं. रूळ समांतर असतात, त्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्याचे पाय लक्ष्याच्या किंचित डावीकडे रोखलेले दिसले पाहिजेत. हे तोंडी कितीही समजावा, मुलांच्या डोक्यात शिरत नाही. काठी ठेवली की मिनिटात कळतं.

अडचण इथूनच सुरू होते. काठी असेपर्यंत मूल बरोबर उभं राहतं, उचलली की पुन्हा वाकडं. कारण ‘कुठे बघायचं, अंतर कसं जोखायचं’ हा विचार काठीच करत होती. सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर या अभ्यासकांनी 1984 मध्ये हालचाली शिकण्याविषयीच्या प्रयोगांचा आढावा घेतला होता. सरावात प्रत्येक वेळी बाहेरून माहिती मिळत राहिली, तर त्या वेळची कामगिरी सुधारते. पण शिकणारा तिच्यावर विसंबून राहू शकतो आणि मदत थांबली की घसरतो, असा त्यांचा मुद्दा होता. वर्गात फळ्यावरचं बघून लिहिणाऱ्या मुलांबाबत आपल्याला हे वेगळं सांगायला नको!

म्हणून क्रम उलटा करून बघा. आधी मुलाला काठीशिवाय उभं राहू द्या. मग त्याच्या बोटांना लागून काठी ठेवा आणि त्याला मागे येऊन बघायला सांगा. ‘कुठे रोखलंय?’ एवढंच विचारा. गणित सोडवून झाल्यावर पुस्तकामागचं उत्तर बघावं, तसं. पहिले काही दिवस काठी ठेवून पाच चेंडू आणि काठीविना पाच, असं चाललं तरी हरकत नाही. पुढे काठी फक्त तपासायला.

दुसरं साधन पटिंगसाठी. जमिनीत दोन टी रोवून पटरच्या रुंदीपेक्षा जराशी मोठी फट ठेवायची आणि टीला धक्का न लावता त्यातून पटर न्यायचा. यामागचं गणित मोठ्या मुलांना जरूर करायला द्या. छिद्राचा व्यास 108 मिमी. सपाट ग्रीनवर 3 मीटरवरून चेंडूची दिशा 1 अंशाने चुकली, तर तो मध्यापासून सुमारे 5 सेंमी बाजूला जातो, म्हणजे छिद्राच्या काठावर. 2 अंशांनी चुकली की सरळ बाहेर. इथेही शेवटचे काही चेंडू टी उपटून मारायचे.

तिसरं, काखेत धरायचा टॉवेल. हात अंगापासून सुटून भलतीकडे जाऊ नयेत म्हणून तो असतो, आणि तो फक्त छोट्या, अर्ध्या स्विंगसाठी. पूर्ण स्विंगमध्ये हात वर जायलाच हवेत. तिथे टॉवेल सांभाळायला लावलं तर मूल आखडतं. जड क्लब लहानांना मुळीच देऊ नका. आणि सराव घराच्या अंगणात असेल तर चेंडू फोमचे घ्या, क्लब फिरवताना बाकीच्यांना लांब उभं करा.

साधनाची सवय मोडण्याचं आणखी एक कारण नियमांत आहे. फेरी चालू असताना दिशा धरण्यासाठी जमिनीवर काठी किंवा क्लब ठेवून उभं राहिलं, तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड बसतो. मारण्याआधी काठी उचलली तरी दंड टळत नाही. जड क्लबने किंवा दुसऱ्या एखाद्या सरावसाधनाने नुसता सराव-स्विंग करायलाही फेरीत मनाई आहे. स्पर्धेला नाव देण्याआधी मुलांना एवढं सांगून ठेवा; बॅगेत काठी असली तरी चालते, ती बाहेर काढून वापरायची नाही.