सालेंतोमधील ऑलिव्हची लागवड

इटलीच्या बुटासारख्या आकारातील टाचेचा भाग म्हणजे सालेंतो हा प्रदेश होय. पूल्या विभागातील संपूर्ण लेच्चे जिल्हा आणि ब्रिंडिसी व तारांतो या जिल्ह्यांचे काही भाग यात मोडतात. चुनखडकावरील तांबड्या मातीचा पातळ थर, कोरडा उन्हाळा व भूपृष्ठावर मोठ्या नदीचा अभाव यांमुळे येथे फार थोडी पिके नीट येतात. ऑलिव्ह (ओलिया यूरोपिया, कुल-ओलिएसी) हे त्यांतील प्रमुख होय.

प्राचीन मेसापियन लोक व किनाऱ्यावरील ग्रीक वसाहती यांच्या काळापासून ऑलिव्ह येथे परिचित आहे. तथापि मैलोगणती पसरलेल्या सलग बागा मुख्यतः सोळाव्या ते अठराव्या शतकांतील व्यापारातून उभ्या राहिल्या आणि तो व्यापार खाद्यतेलाचा नव्हता. सालेंतोचे तेल दिव्यांसाठी जात असे. साबण तयार करणे व लोकर संस्कारित करणे हे त्याचे इतर उपयोग. गाल्लीपोली (तुर्कस्तानातील याच नावाच्या स्थळाशी याचा संबंध नाही) हे निर्यातीचे बंदर होते. तेथील मऊ खडकात खोदलेल्या टाक्यांत तेल लवकर निवळे व तेथून ते लंडन, सेंट पीटर्झबर्ग इ. शहरांकडे रवाना होई.

दिव्याच्या तेलाला चव लागत नाही, ही गोष्ट या प्रदेशाच्या शेतीच्या दृष्टीने निर्णायक ठरली. फळे वेळेवर झाडावरून उतरविण्याची निकड नव्हती. झाडे उंच वाढू दिली जात, फळे पिकून आपोआप गळत आणि स्त्रिया व मुली वाकून ती जमिनीवरून वेचीत. अशा फळांच्या तेलात आम्लता वाढते, पण ज्योतीला त्याची बाधा होत नाही. आज ज्यांची छायाचित्रे कौतुकाने पाहिली जातात, ती पिळदार बुंध्यांची प्रचंड झाडे याच व्यवस्थेची निर्मिती होत. बागांत मुख्यत्वे चेल्लीना दी नार्दो व ओल्यारोला सालेंतीना हे दोनच प्रकार असत.

घाणे जमिनीखाली कातळात कोरलेले असत. थंडीत ऑलिव्ह तेल घट्ट होते. भुयारात मात्र माणसे, जनावरे व दिवे यांच्या उबेने ते पातळ राहत असे. खेचर किंवा गाढव दगडी चाक फिरवी व भरडलेला लगदा लाकडी मळसूत्री दाबयंत्रात पिळला जाई. हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन वसंतापर्यंत चाले व मजूर तितके महिने बहुधा भुयारातच राहत. त्यांच्या मुकादमास ‘नाकीरो’ म्हणत. हा शब्द जहाजाच्या तांडेलासाठी असलेल्या ग्रीक शब्दापासून आला आहे.

गाल्लीपोलीचे वैद्य व कृषितज्ञ जोव्हान्नी प्रेस्ता (१७२०–९७) यांनी ताजी फळे हाताने तोडून उत्तम खाद्यतेल काढावे, असे आग्रहाने मांडले. निरनिराळ्या तेलांचे बासष्ट नमुने त्यांनी नेपल्सचा राजा चौथा फेर्दिनांद यास सादर केले. ऑलिव्हवरील त्यांचा विस्तृत ग्रंथ १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. मागणी दिव्याच्या तेलाला असेपर्यंत त्यांचे म्हणणे फारसे मनावर घेतले गेले नाही.

एकोणिसाव्या शतकात कोळशाचा वायू व १८५९ नंतर खनिज तेल यांनी ही मागणी संपविली. भुयारी घाणे एकामागून एक बंद पडले. बागा राहिल्या आणि मोठ्या जमीनदारांची मालकीही राहिली. आर्नेओ भागातील पडीक जमिनींवर भूमिहीनांनी १९४९ ते १९५१ या काळात ताबा मिळविण्याचे प्रयत्न केले, तेव्हा पोलिसांनी त्यांच्या सायकली जाळल्या. १९५० च्या जमीन सुधारणा कायद्याने काही जमिनींचे वाटप झाले; पण वाट्यास आलेले तुकडे लहान होते. दिव्याच्या काळाची खूण मात्र कायद्यात टिकून आहे : २ टक्क्यांहून अधिक आम्लता असलेल्या व शुद्धीकरणाशिवाय खाण्यास अयोग्य तेलास यूरोपीय नियमांत आजही ‘लांपांते’ (दिव्याचे) म्हणतात.

गाल्लीपोलीच्या परिसरातील झाडे शेंड्याकडून वाळू लागल्याचे आढळले व २०१३ मध्ये त्यामागे झायलेल्ला फास्टिडिओसा हा सूक्ष्मजंतू असल्याचे निश्चित झाले. तो प्रकाष्ठवाहिन्यांत वाढून पाण्याचा प्रवाह रोखतो. फेसात पिले वाढविणारा फिलीनस स्प्यूमॅरियस हा कीटक त्याचा प्रसार करतो. हा जंतू मध्य अमेरिकेतून शोभेच्या कॉफीच्या रोपांबरोबर आला असावा, असे मानले जाते. बाधित झाडाभोवतालच्या १०० मी. परिसरातील सर्व आश्रयी वनस्पती काढण्याचा आदेश यूरोपीय आयोगाने २०१५ मध्ये दिला. ज्या झाडाखाली आजोबा बसत ते निरोगी दिसत असताना तोडणे शेतकऱ्यांस मान्य होईना. त्याच वर्षी लेच्चे येथील सरकारी अभियोक्त्यांनी तोड थांबवून काही शास्त्रज्ञांसह अनेकांची चौकशी सुरू केली. २०१९ मध्ये ते प्रकरण बंद करण्यात आले. दरम्यान रोग उत्तरेकडे सरकत राहिला. सु. २ कोटी झाडे बाधित झाल्याचा अंदाज आहे. चेल्लीना व ओल्यारोला या प्रकारांत प्रतिकारशक्ती नसल्याने सलग बागांत त्यास अडथळाच नव्हता.

नव्या लागवडीत प्रामुख्याने लेच्चीनो व फाव्होलोझा (एफएस-१७) हे रोगसहिष्णू प्रकार वापरले जातात. म्हणजे पुन्हा मोठ्या क्षेत्रावर मोजकेच प्रकार आले असून, हा दोष जाणून संशोधक उजाड बागांत हिरवी राहिलेली झाडे व आपोआप उगवलेली रोपे शोधून त्यांची चाचणी घेत आहेत. काही ठिकाणी जुन्या बुंध्यांवर लेच्चीनोची कलमे बांधण्यात आली आहेत.