इंग्रजी लेखनांतील दाट अरण्य

अकोले तालुक्यांतील हरिश्चंद्रगडाची सहल करून आलेल्या एका विद्यार्थ्यानें इंग्रजी निबंधाच्या पहिल्याच वाक्यांत लिहिलें कीं, आम्ही 'इम्पेनेट्रेबल फॉरेस्ट'मधून चालत गेलों. ज्यांतून मुलांची रांग चालत गेली, तें अरण्य दुर्भेद्य कसें? विशेषण भारदस्त खरें. पण तें कोशांतून आलें होतें, डोंगरावरून नव्हे.

इंग्रजींत वनवाचक शब्द पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाची हद्द निराळी आहे. 'फॉरेस्ट' म्हणजे विस्तीर्ण अरण्य, 'वुड' त्याहून लहान, 'ग्रोव्ह' म्हणजे राई, 'थिकेट' म्हणजे झुडपांची जाळी. म्हणून देवराईला 'सेक्रेड ग्रोव्ह' म्हणणें योग्य. विशेषणांचेंही तसेंच. वर फांद्यांत फांद्या गुंतून ऊन खालीं उतरत नसेल, तर 'डेन्स कॅनपी' लिहावें. खालीं कारवीनें आणि करवंदीनें वाट अडविली असेल, तर 'थिक अंडरग्रोथ' लिहावें.

'जंगल' हा शब्द तर इंग्रजीनें अठराव्या शतकांत आपल्याकडूनच उचलला. गंमत अशी कीं, संस्कृतांत 'जांगल' म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा प्रदेश. इंग्रजींत मात्र त्याला दाट, गुंतागुंतीच्या रानाचा अर्थ चिकटला. आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांत हे दोन्ही अर्थ पाहावयास मिळतात. पश्चिमेस सह्याद्रीची झाडी. दक्षिणेस कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें 1980 सालीं स्थापन झालेलें काळविटांचें अभयारण्य. तेथें गवत आणि काटेरी झाडें. संस्कृत अर्थानें तें खरें जांगल! त्याला इंग्रजींत 'डेन्स जंगल' म्हणणें म्हणजे वाचकाची फसवणूक. तेथें 'ग्रासलँड' आणि 'स्क्रब' हेच शब्द हवेत.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या प्रतिवेदनांत छत्राची घनता 70 टक्के किंवा अधिक असेल तरच 'व्हेरी डेन्स' म्हणतात. 40 ते 70 टक्क्यांस 'मॉडरेटली डेन्स', 10 ते 40 टक्क्यांस 'ओपन', आणि 10 टक्क्यांहून कमी असलेल्या वनभूमीस 'स्क्रब'. 'स्क्रब' हा शब्द हीन समजून कोणीं रेहेकुरीस दाट झाडी लावली, तर मोकळ्या माळावर धावणाऱ्या काळविटाचें घरच नाहींसें होईल.

म्हणून लिहितांना स्वतःस एवढेंच विचारावें: ऊन जमिनीवर पडत होतें काय? वाट सांपडत होती काय? नजर किती दूर जात होती? याचें उत्तर प्रथम मराठींत मिळालें, म्हणजे इंग्रजी शब्द शोधण्यास वेळ लागत नाहीं.